मोटर जळाली की पोरांना बोल लावू नका, आधी अँपिअर विचारा

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारी तुमच्या वाचकांच्या पत्रांत एका निवृत्त गृहस्थांचं पत्र आलं होतं, की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात निम्मी मॉडेल्स बंद पडलेली असतात, आजकालची पोरं दुकानातनं तयार किट आणून नुसती जोडतात, डोकं चालवायला नको, कष्ट नकोत वगैरे वगैरे. वाचून दोन दिवस गप्प बसलो, म्हटलं जाऊदे, पण राहवेना म्हणून लिहायला घेतलं. मी मिरजेत फवारणी पंप आणि छोट्या मोटरी दुरुस्त करतो, दुकान लहान आहे पण रोज दहा-बारा मोटरी हाताखालनं जातात, त्यामुळं या विषयावर चार शब्द बोलायचा मला हक्क आहे असं मी धरून चालतो.

मॉडेल बंद पडतात हे खरंय. डिसेंबर-जानेवारीत माझ्याकडंच रांग लागते. पण आळस हे कारण मला तरी अजून एकाही पोराच्या बाबतीत दिसलं नाही. उलट ती पोरं रात्र रात्र जागून थर्माकोल कापत बसलेली असतात. गडबड एकाच ठिकाणी होते, मोटरसाठी ड्रायव्हर (बॅटरीचा करंट मोटरीला सोडणारी, तिची दिशा-स्पीड सांभाळणारी पाटी) कुठला घ्यायचा आणि सप्लाय कसला द्यायचा हे ठरवताना विकणारा, शिकवणारा आणि विकत घेणारा असे तिघंही फक्त व्होल्ट बघतात. मोटर १२ व्होल्टची ना, मग १२ व्होल्टचं काहीतरी द्या, झालं. अँपिअर किती, म्हणजे मोटर करंट किती ओढते, हे कुणी विचारतच नाही.

आता माझ्या भाचीचंच सांगतो. आठवीत आहे, सांगलीत शाळेला. तिनं हळकुंडं वाहून नेणारा कन्व्हेअर केला होता, दोन पीव्हीसीचे रोलर, वर रेक्झिनचा पट्टा, एका बाजूला गियरवाली १२ व्होल्टची मोटर. मागं चार्ट लावलेला, सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं हे वळणदार अक्षरात लिहिलेलं, मार्केट यार्डाचं चित्र काढलेलं, सगळं झकास. मोटर किती करंट खाते हे मात्र चार्टवर कुठंच नव्हतं, आणि असणार कुठनं, कारण ज्या पुडीत मोटर आली त्या पुडीवरच नव्हतं. दुकानदारानं तिला मोटर दिली, एल२९८एन नावाचा लाल रंगाचा ड्रायव्हर दिला, आणि सोबत ती ९ व्होल्टची चौकोनी बॅटरी दिली, रिमोटमध्ये आणि माइकमध्ये घालतात ती. हा सेट म्हणजे आमच्याकडं ठरलेलाच आहे, कुठलंही मॉडेल सांगा, हेच तीन तुकडे हातात पडतात.

घरी रिकामा पट्टा फिरला. हळू फिरला पण फिरला. वर चार हळकुंडं ठेवली की थांबायचा. भाची फोनवर रडकुंडीला, "मामा, मोटर खराब निघाली." मी म्हटलं मोटर बिचारीची काही चूक नाही, बॅटरीला मीटर लाव. मोकळी असताना ९.२ दाखवत होती, मोटर जोडली की ५ वर यायची. त्या बॅटरीच्या आत स्वतःचाच रेझिस्टन्स एवढा असतो की करंट मागितला की व्होल्ट आतल्या आतच संपतात, ती थोडा थोडा करंट बराच वेळ पुरवायला केलेली चीज आहे, मोटर ओढायला नाही. वर आणि एल२९८एन स्वतःचा हप्ता घेतो. हा जुन्या पद्धतीचा ड्रायव्हर, आत मोसफेट (कमी व्होल्ट खाणारे इलेक्ट्रॉनिक स्विच) नाहीत, साधे ट्रान्झिस्टर आहेत, आणि करंट जाताना दोन ट्रान्झिस्टर वाटेत लागतात, त्यामुळं १ अँपिअरला साधारण दोन व्होल्ट, कधी त्याच्यावरही, तिथंच उष्णता होऊन जातात. म्हणजे ५ मधले २ गेले, १२ व्होल्टच्या मोटरला मिळाले ३. फिरली हेच उपकार.

खरी गंमत पुढं झाली. प्रदर्शनाच्या दिवशी सकाळी आमचे दाजी, तिचे वडील, शेतकरी माणूस, त्यांनी फवारणी पंपाची बॅटरी काढून आणली, १२ व्होल्ट ८ अँपिअर-अवरची. जोडली आणि पट्टा असा पळाला की सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. अर्ध्या तासानं एक हळकुंड रोलर आणि फ्रेमच्या मधे अडकलं, पट्टा जाम. कुणाचं लक्ष नाही, कारण तेवढ्यात पाहुणे आले होते. थोड्या वेळानं वास आला, ड्रायव्हरमधनं धूर, आणि त्या रंगीबेरंगी बारीक जंपर वायरी असतात ना, त्यांचं प्लास्टिक वितळून टेबलाच्या कापडाला चिकटलं. बाईंनी स्विच बंद करायला सांगितलं तर स्विचच नव्हता. दाजींनी हातानं क्लिप ओढून काढली, बोट भाजलं. परीक्षकांनी वहीवर लिहिलं "मॉडेल नादुरुस्त". तुमच्या पत्रलेखक गृहस्थांनी बघितलेल्या निम्म्या मॉडेलांत आमचंही एक असेल.

संध्याकाळी सगळं दुकानात आणलं. मी भाचीला मीटर हातात दिला आणि म्हटलं, मोटरच्या दोन टोकांचा रेझिस्टन्स मोज. आधी मीटरच्या पिना एकमेकींना टेकवून बघ, त्या वायरींचाच किती दाखवतोय ते, मग तो वजा कर. शाफ्ट थोडा थोडा फिरवून चार-पाच वेळा मोज, कारण कम्युटेटरवर, म्हणजे शाफ्टवरच्या तांब्याच्या तुकड्यांवर, करंट देणारा ब्रश कुठं बसलाय त्यावर आकडा बदलतो, त्यातला सगळ्यात कमी धर. आला ३.३, पिनांचे ०.३ गेले, राहिले ३ ओहम. आता १२ ला ३ नं भाग. ४ अँपिअर. मोटर जाम झाली की ती एवढा करंट ओढणार. तिचा चेहरा बघण्यासारखा झाला होता, कारण ओहमचा नियम त्यांना पुस्तकात आहे, परीक्षेत येतो, पण तो आपल्या मोटरला लागू होतो हे कुणी सांगितलंच नव्हतं.

हे असं का होतं ते थोडक्यात सांगतो. मोटर फिरत असते तेव्हा ती स्वतःच उलट्या दिशेनं व्होल्टेज तयार करत असते, जितकी जोरात फिरेल तितकं जास्त, त्यामुळं बॅटरीच्या १२ मधले बरेचसे त्या विरोधात जातात आणि करंट कमी राहतो. तिच्या मोटरचा मी अँपमीटर लावून बघितला, रिकाम्या पट्ट्याला ०.३५ अँपिअर, पट्टाभर हळद ठेवली तर ०.९. पण शाफ्ट थांबला की उलटं व्होल्टेज शून्य, मग अडवायला उरतात फक्त तारेचे ते ३ ओहम. आणि एक लक्षात घ्या, स्विच दाबला त्या क्षणी मोटर थांबलेलीच असते. म्हणजे प्रत्येक वेळी चालू करताना क्षणभर का होईना हाच ४ अँपिअरचा झटका बसतो. एल२९८एन एका मोटरीच्या चॅनेलला २ अँपिअर सोसतो, तेही हीटसिंकला हवा लागत असेल तर. चालू पट्ट्याला तो पुरला, जाम पट्ट्याला मेला.

आणि मला सगळ्यात विचार करण्यासारखं वाटलं ते हे, की आदल्या दिवशी ती ९ व्होल्टची मरतुकडी बॅटरी होती म्हणूनच ड्रायव्हर वाचला होता. तिच्यात ४ अँपिअर द्यायची ताकदच नव्हती. दाजींनी दमदार बॅटरी लावली आणि ड्रायव्हरचं बिंग फुटलं. म्हणून नुसता सप्लाय बदलून काम होत नाही, दोन्ही गोष्टी एकत्र बघाव्या लागतात. लोकांना मात्र पी हळद आणि हो गोरी पाहिजे असतं, आले की विचारतात कुठली बॅटरी लावू सांगा, लगेच निघायचंय.

यातनंच दुसरा गैरसमज, जो मी आठवड्यातनं दोनदा तरी ऐकतो. "१० अँपिअरचा ॲडॉप्टर लावला तर मोटर जळेल ना?" नाही जळणार. विहिरीत पाणी भरपूर आहे म्हणून तांब्या फुटतो का, तांब्यात मावेल तेवढंच येतं. ॲडॉप्टरवरचे अँपिअर म्हणजे तो जास्तीत जास्त किती देऊ शकतो, देतोच असं नाही, ओढणारी मोटर आहे. व्होल्ट मात्र जुळले पाहिजेत. भीती वेगळ्या ठिकाणी ठेवा, जिथं मोठा सप्लाय आहे तिथं वायर, ड्रायव्हर आणि फ्यूज त्या मानाचे लागतात. पंपाची लेड-ॲसिड बॅटरी टोकाला टोक लागलं तर क्षणात कितीतरी अँपिअर सोडते, जंपर वायर तिच्यापुढं केसासारखी.

बरं मग आम्ही काय केलं. मी पहिला प्रश्न विचारला, तुझा पट्टा उलटा फिरवायचाय का? ती म्हणाली नाही, एकाच बाजूला, फक्त नॉब फिरवून स्पीड कमी-जास्त करायचाय. मग म्हटलं एल२९८एन, एच-ब्रिज, ही वरात कशाला? एच-ब्रिज लागतो तो दिशा बदलायची असेल तर. एका दिशेला एक मोसफेट आणि एक डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा तुकडा) बास. पण इथंही बाजारात एक खड्डा आहे. आयआरएफझेड४४ आणि आयआरएलझेड४४ हे दोन मोसफेट दिसायला जुळे भाऊ, नावात एका अक्षराचा फरक. नॉब बघून मोसफेट उघड-बंद करायला आर्डुइनो, म्हणजे प्रोग्राम घालायची छोटी पाटी, असते, तिच्या पिनेतनं ५ व्होल्ट येतात. एफवाला पूर्ण उघडायला गेटवर, म्हणजे उघड-बंद करायच्या पायावर, १० व्होल्टच्या आसपास मागतो, ५ व्होल्टवर अर्धवट उघडतो आणि तापत बसतो. एलवाला ५ व्होल्टवर नीट उघडतो. दुकानदार म्हणतो एकच आहे ओ, घेऊन जा. एकच नाही, चष्मा लावून वाचून घ्या.

गेटपासनं मायनसला १० किलोओहमचा रेझिस्टर टाकला, नाहीतर आर्डुइनो चालू होईपर्यंत गेट लोंबकळत राहतो आणि पट्टा आपोआप पळायला लागतो. मोटरच्या दोन टोकांवर शॉट्की (झटपट चालणारा) डायोड, डायोडवरच्या पट्टीची बाजू प्लसकडं. मोटर म्हणजे तारेचं वेटोळं, करंट एकदम तोडला की उलटा झटका मारते, त्याला वाट करून द्यायची नाहीतर मोसफेट जातो. स्पीडसाठी पीडब्ल्यूएम, म्हणजे करंट भराभर चालू-बंद करणं, असेल तर हे सेकंदाला शेकडो वेळा होतं, म्हणून तिथं साधा ४००७ डायोड घालू नये, तो संथ आहे. मोटरच्या टोकांवरच १०४ नंबरचा सिरॅमिक कपॅसिटर डाग दिला, ब्रशच्या ठिणग्यांनी आर्डुइनो मधेच रिसेट व्हायचा तो थांबला. बॅटरीच्या प्लसलगत २ अँपिअरचा काचेचा फ्यूज, चालताना ०.९ आहे म्हणून टिकतो, जाम झाल्यावर ४ जायला लागले की काही सेकंदांत उडतो. आणि एक मोठा लाल स्विच, दाजींच्या बोटाच्या नावानं.

आर्डुइनोला वेगळा ५ व्होल्टचा मोबाईल चार्जर दिला, दोघांचे मायनस एकत्र जोडले. हे मायनस जोडायचं निम्मे लोक विसरतात आणि मग प्रोग्राममध्ये चूक शोधत बसतात. आधी तिनं पॉवरबँक लावली होती, ती अर्ध्या मिनिटानं बंद व्हायची, कारण करंट इतका कमी की पॉवरबँकेला वाटतं मोबाईल काढून घेतला. यात कुणाचा काय दोष, पण ज्याला माहीत नाही तो रात्रभर वायरी हलवत बसतो.

दिशा बदलायचीच असेल, म्हणजे रोबोट गाडी वगैरे, तर ड्रायव्हर लागणारच. पिवळ्या, गियरवाल्या बीओ मोटरींच्या छोट्या गाडीला मी टीबी६६१२ सांगतो, आत मोसफेट आहेत, व्होल्ट फार खात नाही, एका चॅनेलला १.२ अँपिअर सलग आणि क्षणभर ३.२ पर्यंत. पण त्याला १२ व्होल्टची लेड-ॲसिड बॅटरी जोडू नका, ती चार्जरवर असताना १४ च्या वर जाते आणि हा ड्रायव्हर १३.५ पर्यंतच नीट आहे. त्याला दोन १८६५० लिथियम सेल सिरीजमध्ये छान, फुल्ल असताना ८.४, मात्र सेलच्या सोबत बीएमएस (सेल जास्त चार्ज किंवा जास्त रिकामे होऊ न देणारी पाटी) पाहिजेच आणि स्वस्तात मिळतात ते पाच-सहा हजार एमएएच लिहिलेले घेऊ नयेत, त्या आकाराच्या सेलमध्ये एवढं मावतच नाही. मोठ्या मोटरीला बीटीएस७९६० चा मोड्यूल येतो, जाहिरातीत ४३ अँपिअर, पण त्या हीटसिंककडं बघूनच कळतं की तेवढा सलग करंट तो झेलणार नाही. तरी ४-५ अँपिअरच्या मोटरीला तो निवांत चालतो. एल२९८एन वाईट आहे असं माझं म्हणणं नाही, त्याची चिप ४६ व्होल्टपर्यंत चालते, स्वस्त आहे, कुठंही मिळतो, पण ६ व्होल्टच्या पेन्सिल सेलवर तो घालणं म्हणजे पगारातला एक तृतीयांश रिक्षाला घालवणं.

गणपती मंडळांचंही थोडं सांगतो, कारण हलते देखावे करणारी पोरं पण माझ्याकडंच येतात. तिथं गाडीच्या वायपरची मोटर वापरतात, हत्तीची सोंड हलवायला, तोफ फिरवायला. १२ व्होल्टची, चालताना दोन-चार अँपिअर, जाम झाली की १५-२० च्या घरात. तिला लायटिंगचा १२ व्होल्ट ५ अँपिअरचा एसएमपीएस (घरच्या विजेचे १२ व्होल्ट करणारा डबा) जोडतात आणि म्हणतात सोंड नुसती टिक् टिक् करते. एसएमपीएस सुरुवातीचा झटका बघून घाबरतो, स्वतः बंद होतो, परत चालू होतो, परत बंद. तो शहाणा आहे म्हणून बरं. तिथं एकतर २० अँपिअरचा घ्या नाहीतर गाडीची बॅटरी लावून चार्जर जोडा. आणि बऱ्याच वायपर मोटरींची बॉडीच मायनस असते, अशी मोटर लोखंडी फ्रेमला बोल्टनं आवळली आणि एच-ब्रिजनं उलटी फिरवायला गेलात, दुसरी मोटर पण त्याच फ्रेमवर असेल, तर फ्रेममधनं शॉर्ट होतं. एका मंडळाच्या तोफेनं असाच खरोखरचा बार काढला होता, आरतीच्या वेळी.

तर साहेब, माझी मागणी फार नाही. जे दुकानदार शाळेच्या पोरांना या मोटरी विकतात त्यांनी पुडीवर दोन आकडे लिहावेत, चालतानाचा करंट आणि जाम झाल्यावरचा. स्टिकर छापायला चार पैसे जातात. नसतील माहीत तर दुकानात मीटर ठेवावा, पोरगं समोर मोजेल, मी भाचीला शिकवलं ते पाच मिनिटांचं काम आहे. शाळांनी प्रदर्शनाच्या आधी एक दिवस फक्त तपासणीला ठेवावा, प्रत्येक मॉडेलची मोटर हातानं धरून थांबवायची, दहा सेकंद, आणि बघायचं काय तापतंय. आमच्या पंपाच्या धंद्यात आम्ही हेच करतो. आणि परीक्षकांना विनंती की "मॉडेल नादुरुस्त" लिहायच्या आधी पोराला विचारा का नादुरुस्त झालं. इन्स्पायर मानकसारख्या योजनेत सरकार एका मुलाला मॉडेलसाठी १० हजार देतं, काही शाळांत अटल लॅब (मुलांनी मॉडेल करायच्या सरकारी योजनेतल्या प्रयोगशाळा) आहेत, पैसा येतोय, मग त्यातले दोनशे रुपये फ्यूज आणि बऱ्या वायरींवर जायला काय हरकत आहे.

त्या निवृत्त गृहस्थांबद्दल मनात राग नाही, वयानं मोठे आहेत. फक्त पुढच्या वेळी बंद पडलेलं मॉडेल दिसलं तर त्यांनी मोटरीला हात लावून बघावा, गरम आहे का गार. गार असेल तर सप्लाय कमी पडलाय. गरम असेल तर काहीतरी अडकलंय. एवढं पोराला सांगितलं तरी ते उद्या परत येईल.

आपला,
एक पंप दुरुस्तीवाला, मिरज

ता.क. : भाचीचा पट्टा आता माझ्या दुकानात आहे, काउंटरवर, शेजारी तो जळका ड्रायव्हर आणि वितळलेल्या वायरी एका बरणीत ठेवल्यात. गिऱ्हाईक थांबलेलं असलं की मुद्दाम हळकुंड अडकवून दाखवतो. या महिन्यात अकरा फ्यूज उडाले.